दारापुढची फक्की

२६ सप्टेंबर १९९४, धुळे

शाळा बंद! सुरतेत प्लेग आला म्हणून. आणि त्याच सुरतेहून काल आमचे नाना आले. वडीलच ते, तिथे कामाला असतात. घर सोडून जाणार कुठे? ताप नाही, खोकला नाही, उलट भाकरी जास्तच खाल्ली. तरी सकाळी नगरपालिकेचा माणूस येऊन दारापुढे चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढून गेला. अख्ख्या गल्लीत फक्त आमच्याच! वर हुकूम — कोणी बाहेर पडायचं नाही.

समोरच्या पुष्पाकाकूंनी लताला हाताला धरून आत ओढलं. रेघेला पाय लागेल म्हणून! लता माझी जिवाभावाची. पण बयेने साधा हातसुद्धा हलवला नाही.

२८ सप्टेंबर

पेपरात आलंय — घरात अडकलेल्या मुलांसाठी जलरंग स्पर्धा! जळगावचं कुठलंसं बालचित्र मंडळ आहे. विषय — माझ्या खिडकीतून. मी भाग घेणार. आणि पहिली येणार! मग बघते, आमच्या दारावरून कोण तोंड फिरवून जातं ते.

लताकडे बारा रंगांची नवी पेटी. माझ्या पेटीत पिवळ्याच्या जागी नुसता खड्डा. लाल तर कधीच संपला.

२९ सप्टेंबर

पिवळ्यावाचून अडलं. संध्याकाळचं आभाळ पिवळं नको? शेवटी आईच्या डब्यातली हळद पाण्यात कालवली. काय झकास पिवळा! नाना म्हणाले, "हाऊ काय जलरंग शे?" म्हटलं, पाण्यात कालवला ना, मग जलरंगच! हसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

३० सप्टेंबर

घात!! चित्र खिडकीत वाळत ठेवलं होतं. आभाळ अजून ओलंच. तेवढ्यात फक्कीवाला पुन्हा आला. जवळ यायला घाबरला आणि लांबूनच मूठ भिरकावली. अर्धी रेघेवर, अर्धी माझ्या आभाळावर!

मी नानांवर ओरडले — तुम्ही आलातच कशाला? ते भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, पण रडूच आवरेना.

आईने चित्र उचललं. "रडस कसाले? दख तरी, लाल व्हई गयं!"

खरंच! फक्की पडली तिथे तिथे हळद लाल झालेली. कुंकवासारखी! पिवळ्या आभाळात लाल लाल ढग. असं आभाळ लताच्या पेटीतून सात जन्मांत निघायचं नाही. मग नानांनीच रेघेवरची चिमूटभर फक्की आणून चाळून दिली. मी सूर्यही लाल केला.

२ ऑक्टोबर

गल्लीतल्या पोरांची चित्रं पुष्पाकाकू एकत्र पाठवणार होत्या. माझं घेतलंच नाही. "तुमच्या घरचा कागद नको बाई. बाकीच्या चित्रांना लागेल." लागेल म्हणे! चित्रांना प्लेग होतो?

दार असं आपटलं की कडी निखळली.

३ ऑक्टोबर

पोस्टमन हिलालभाऊ सरळ रेघ ओलांडून दारात! पाकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "मना थैलीमा बठ्ठा सुरतनाच कागद शेतस. त्यामा हाऊ एक!" थैलीतली सगळीच पत्रं सुरतेची, मग माझ्या एकाने काय होतंय! गेलं माझं आभाळ जळगावला.

८ ऑक्टोबर

घरात कोणालाही काही झालेलं नाही. पालिकेवाला सांगून गेला, आता बाहेर पडायला हरकत नाही. पण रेघ तशीच. नाना ओट्यावरसुद्धा बसत नाहीत. "लोके दखतस," म्हणतात.

१६ ऑक्टोबर

पहिली!!! पेपरात नाव — कु. रत्ना तोताराम देवरे, धुळे! परीक्षकांनी विचारलंय, असा लाल कोणत्या पेटीतला? कळवतेच! हळद आईची, फक्की पालिकेची!

लता धावत आली. रेघेपाशी थबकली आणि तिथूनच ओरडली — "सांग ना गं, लाल कसा केलास?" सांगितलं. मुद्दाम मोठ्याने, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

१७ ऑक्टोबर

सकाळपासून गल्लीतली सगळी पोरं आमच्या दारात. कोणाकडे चमचा, कोणाकडे डबीचं झाकण. सगळ्यांत पुढे लता, आणि तिच्या हातात पुष्पाकाकूंच्या घरची वाटी! खरवडून खरवडून नेली फक्की. दारापुढे रेघच उरली नाही.

नाना ओट्यावर बसून चहा पितायत.