टूर लीडर आणि नदीची गुहा

५ जुलै, शनिवार
इथल्या मराठी मंडळाच्या सप्टेंबर टूरचा लीडर म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कुणी तयार नव्हतं, हा निव्वळ योगायोग. व्हिएतनाम, फोंग न्हा. नदी डोंगराच्या पोटातून बाहेर येते, आपण होडीत बसून प्रवाहाविरुद्ध आत. एकूण आठ जण.
विद्युलताला सांगितलं. ती म्हणाली, "तू? गुहेत?" आणि भाजी चिरत राहिली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण माझ्या यशाची तिला अजून सवय नाही.

६ जुलै
संकल्प: पोहणं शिकणे. सोमवारपासून.
नऊ मजले जिन्याने चढणं चालूच आहे. बिल्डिंगमधले म्हणतात, मी लिफ्टला घाबरतो. दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये अडकलो तेव्हा ओरडलो होतो खरा, पण ते वॉचमनला नेमका मजला कळावा म्हणून.

१२ जुलै
अडचण. तळमजल्यावरच्या चंद्रमौळी सरांनीही नाव दिलं. वय चौऱ्याहत्तर, रिटायर्ड भूगोल शिक्षक, मूळचे तंजावरचे. मराठी तीनशे वर्षं जुनी, खिडकीला जन्नल म्हणतात. मी दर वेळी दुरुस्त करतो.
काचबिंदूने एक डोळा गेलाय. दुसऱ्याला डॉक्टरांनी फार तर वर्षभर दिलंय. चाळीस वर्षं मुलांना फळ्यावर नदीच्या गुहा काढून दाखवल्या, एक तरी बघायची आहे म्हणाले. भावना समजते. पण ग्रुपच्या स्पीडचं काय?

२० जुलै
सकाळी घराजवळच्या तिरुवान्मियूरच्या बीचवर सगळ्यांची फिटनेस टेस्ट. आयडिया माझी. सर वाळूत दोनदा पडले. उठले. त्यांच्या मिसेस, अन्नपूर्णाबाई, बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या शर्टावरची वाळू झटकली.
मी सगळ्यांसमोर स्पष्ट विचारलं, होडीत तुम्ही घाबरलात तर बाकीच्यांची ट्रिप वाया जाणार, जबाबदारी कुणाची? सर म्हणाले, माझी. तसं लिहून घेतलं. सही ओळीच्या बरीच खाली गेली.

१७ ऑगस्ट
पूलमध्ये क्लोरीन फार. आज काठावर बसून पायाचे स्ट्रोक्स पक्के केले.

१९ सप्टेंबर, दुपारी ३, हॉटेल
आज जे झालं त्याची नोंद मीच केलेली बरी. लोक काहीही सांगत सुटतील.
नदीतून अर्धा तास मजेत. मी सर्वांत पुढे, माझ्या मागे सर, मग विद्युलता. गुहेच्या तोंडाशी होडीवाल्या बाईने इंजिन बंद केलं, वल्हं घेतलं. गार वारा आला. छत डोक्यावर आल्यासारखं वाटलं. ऑक्सिजन कमी होता. इतरांना कळलं नाही, त्यांचं तेवढं ट्रेनिंग नाही.
मी सगळ्यांना सांगून डोळे मिटले आणि दीर्घ श्वसन केलं. उपयोग होईना म्हणून उभा राहिलो. होडी कलली. बाई ओरडली. विद्युलताने शर्ट धरून मला खाली बसवलं. मी होडी फिरवायला सांगितलं. बरेचदा सांगितलं, जरा मोठ्याने. सरांनी माझा हात धरला. म्हणाले, "रत्नाकरराव, पाच मिनिटं. एवढं एक वळण होऊ द्या."
मी हात झटकला. त्यात त्यांचा चष्मा पाण्यात गेला. दोरी लावायला हवी होती त्यांनी.
होडी परत. ग्रुप सुखरूप. काठावर मला कुणी थँक्यू म्हटलं नाही.

२० सप्टेंबर
बाकीच्यांनी मला न विचारता आजची दुसरी होडी ठरवली होती. पहाटेपासून पाऊस. नदी चढली, गुहा बंद. म्हणजे माझा निर्णय बरोबरच होता. हे मी नाश्त्याला बोलून दाखवलं. विद्युलता ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली.
सर दिवसभर व्हरांड्यात नदीकडे तोंड करून बसले. चष्म्याशिवाय. उद्या परतीचं विमान.

११ ऑक्टोबर
मंडळाने नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय. मला ॲड करायचं विसरलेत. आठवण करून दिली. पुन्हा विसरले.

१५ फेब्रुवारी, रविवार
सरांचा दुसरा डोळाही गेला. महिना झाला म्हणे. विद्युलता रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायला जाते. मला वाटत होतं, योगाला जाते.
आज मीही गेलो. ठरवलं होतं, सरांना गुहेचं वर्णन करून सांगायचं, तेवढंच समाधान. दहा मिनिटं बोललो. छताला लोंबणारे दगड, पाण्यात हलणारे दिवे, थेंबांचा आवाज. छान रंगलं. मध्येच अन्नपूर्णाबाईंनी कॉफी आणली, एक सरांच्या हातात दिली, एक विद्युलताला.
सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे पुस्तकात आहे, रत्नाकरराव. मीच शिकवायचो. तुम्ही पुढे बसला होतात. डोळे मिटायच्या आधी आत काय दिसलं, तेवढं सांगा."
विद्युलताने पेपर खाली ठेवला.
मी आठवून पाहिलं. डोळे मी बाहेर, उन्हातच मिटले होते.
सरांना म्हटलं, कॉफी छान झालीय.
मला कुणी दिली नव्हती.