चकचकीत खडी

८ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझी भिंत मरायला टेकली आहे. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण फोनवर तू ‘अशक्य’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

वरच्या दोन रांगांतले नेचे आधी कडांनी करपले. मग सिंगोनियमने माना टाकल्या. आता मनीप्लांटसुद्धा पिवळा पडलाय, आणि तो तर माझ्या हातूनही कधी मेला नव्हता. हे रोज सकाळचा चहा घेऊन भिंतीसमोर उभे राहतात आणि मला ऐकू येईल असा उसासा टाकतात. अंघोळीच्या पाण्यावर बाग फुलवणारा मेहुणा आपल्यालाच मिळावा, असं काल म्हणाले. महिनाअखेर सुधारणा दिसली नाही तर सांगाडा उतरवून भिंतीला रंग द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय.

त्यांचं मी मनावर घेत नाही. पण सासूबाईही तेच म्हणायला लागल्या. पाय अधू झाल्यापासून त्या दिवसभर खिडकीत असतात आणि समोर होती ती कोरडी ठणठणीत भिंत. त्यांच्यासाठीच तर तू ती हिरवी केलीस! कुठल्या कप्प्यात नवं पान आलं ते मला आधी त्यांच्याकडून कळायचं. आता म्हणतात, काढून टाका एकदाची. कारण विचारलं तर खिडकीचा पडदा ओढून घेतात. मला तेच लागलंय.

आणि माझी चूक शोधू नकोस. कपड्यांची पावडर तू सांगितलीस तीच आहे. स्वयंपाकघराचं पाणी तिकडे जात नाही. जाळीतले केस मी स्वतः काढते. पाणी गाळायच्या टाकीतली खडी तर इतकी चकचकीत आहे, की आजच आणून टाकल्यासारखी वाटते.

भिंत गेली तरी लोभ जाऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिली गोष्ट, माझं काही चुकलेलं नाही. अशा भिंती मी आणखीही उभ्या केल्यात. एक तर केशकर्तनालयाची आहे, तिला दिवसभर शाम्पूचं पाणी जातं आणि ती गालिच्यासारखी दाट आहे. मी पुस्तकं वाचून नाही शिकलो, पाईप जोडून शिकलो. नळीचा उतार पुस्तकात बरोबर असतो आणि घरात चुकतो. माझा घरात बरोबर असतो. भाऊजींना सांग, मेहुणा मिळाला नसता तर उसासे कुणाच्या नावाने टाकले असते?

दुसरी गोष्ट. खडी चकचकीत आहे हे वाचून मला घाम फुटला. अगं, खडी बुळबुळीतच हवी! त्या बुळबुळीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. साबण, मळ, सगळं तेच खाऊन टाकतात, म्हणून ते पाणी झाडांना चालतं. खडी चकचकीत म्हणजे ती सगळी फौज गारद झाली. घरात कुणीतरी जंतुनाशक ओततंय, आणि तेही सढळ हाताने.

आता मी सांगतो तसंच कर. तुझी अक्कल त्यात मिसळू नकोस. चार बरण्या घे. वॉशिंग मशीन, हात धुण्याचं बेसिन, तुमचं बाथरूम आणि सासूबाईंचं बाथरूम, या चारही ठिकाणांहून सुटणारं पाणी वेगवेगळं भर. प्रत्येकीत मनीप्लांटची एकेक निरोगी फांदी ठेव, पेर पाण्यात बुडालं पाहिजे. बरण्यांवर चिठ्ठ्या लाव. लक्षात राहील असं म्हणू नकोस, तुला कपाळावरचा चष्मा सापडत नाही. आणि तोंडाने कुणाला विचारत बसू नकोस. विचारलं की माणूस सारवासारव करतं, फांदी करत नाही.

राग आला असेल तर तो भाऊजींवर काढावा, लोभ माझ्यासाठी ठेवावा.
तुझा भाऊ

२० मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

चौथी बरणी. सासूबाईंची. तिच्यातलीच फांदी करपली.

आधी मला हसू आलं. जन्मभर इस्पितळात मेट्रन होत्या, फरशी तीनदा पुसून घेतल्याशिवाय राउंडला डॉक्टरांना आत सोडत नसत. म्हटलं, जुनी सवय. पण काल पहाटे मला लवकर जाग आली, तर त्यांच्या बाथरूममध्ये दिवा. स्टुलावर बसून त्या चादर धूत होत्या. शेजारी जंतुनाशकाची बाटली. मी पावलं न वाजवता परत फिरले.

आता सगळं कळलं. वय झालं, की शरीर हुकूम मानत नाही, तेवढ्यावरून समज. ते पाणी जातं कुठे, तर जिच्यापुढे उभं राहून शेजारीपाजारी फोटो काढतात त्या भिंतीवर. हे त्यांना सहन होईना, म्हणून बाटली. झाडं कशाने मरताहेत हे त्यांनी आपल्याआधी ओळखलं असणार. म्हणून काढून टाका म्हणतात.

मी विचारलं तर त्या मेल्याहून मेल्यासारख्या होतील. नाही विचारलं तर भिंत जाईल, आणि त्यांच्यापुढे पुन्हा ते कोरं प्लास्टर. काहीतरी सुचव. फक्त जपून रे. गळका नळ आणि माणूस, दोघांशी तू एकाच आवाजात बोलतोस.

लोभ आहे, धीर नाही.
ताई

२४ मार्च

ती. मेट्रनबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

भिंतीची झाडं का मरतात ते शोधून काढलं. चूक माझी आहे. हे पत्र ताईला दाखवू नये, ती याला चौकट करून दिवाणखान्यात लावील.

झालं असं, की भिंतीला पाणी देणाऱ्या बाथरूममध्ये दुतोंडी व्हॉल्व्ह हवाच. माणसाचं रोजचं पाणी सारखं नसतं. कधी औषधाचं, कधी मलमाचं, कधी आणखी कशाचं. ते झाडांना चालत नाही. तुमच्याकडे मी नळी सरळ भिंतीला जोडून मोकळा झालो. रविवारी येऊन तो व्हॉल्व्ह बसवतो. दांडी तुमच्या स्टुलाशेजारी, हात सहज पोचेल अशी. वर केली की पाणी भिंतीला, खाली केली की गटारात. कधी वर, कधी खाली, ते तुम्ही ठरवायचं. त्यावर घरात कुणी प्रश्न विचारणार नाही. हा तांत्रिक विषय आहे, असं मी भाऊजींना बजावलं आहे. जंतुनाशक वापरायचं तर खुशाल वापरा, दांडी तेवढी खाली असू द्या.

केशकर्तनालयाच्या टाकीतली बुळबुळीत खडी बादलीभर आणतो. विरजण लावल्यासारखी ती तुमच्या टाकीत टाकली, की फौज पुन्हा उभी राहील.

आशीर्वाद असू द्यावा. ओरडायचं असेल तर रविवारी समोर ओरडावं.
आपला,
सूनबाईंचा भाऊ

१६ एप्रिल

चि. भाऊंस,
अनेक आशीर्वाद.

दांडी उत्तम चालते. खालच्या रांगेत तीन नव्या कोंबांनी डोकं वर काढलंय, वरची रांग अजून रुसलेली आहे. तुमचे भाऊजी रंगाच्या डब्याचं नाव काढत नाहीत.

तुम्ही आलात तेव्हा बोलायचं होतं, जमलं नाही. मी जन्मभर वॉर्ड चालवला. दुसऱ्याच्या हातून फुटलेला थर्मामीटर स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या पोरी मी खूप पाहिल्या. त्यांना मी कधी पकडलं नाही, आणि विसरलेही नाही. तुम्हालाही पकडत नाही.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि परवा सूनबाईला मीच सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिला अवघडल्यासारखं होईल. तर ती म्हणाली, “एवढंच ना? चादर मशीनमध्ये टाका आणि पुन्हा झोपा.” आज पलंगावर ऊन आलं तेव्हा मला जाग आली.

पण आता त्या मशीनलाही एक दांडी लागेल. कधी येता?

तुमची,
मेट्रनबाई