अंतर्गळाचा सिनेमा

८ जानेवारी १९६८, मलकापूर

सरकीचं पोतं सरकवलं अन् जांघेत पुन्हा गोळा आला. मागच्या सालचं लिंबू आता मोसंबी झालंय! दुकानातच गोण्यांवर आडवा झालो, दाबला, गेला आत. वर पाहतो तर दारात सोजरा उभी. नवऱ्याचं दुखणं बायकोच्या हाती लागलं की सुटका नाही!

"अवो, असं किती दिवस दाबत बसता? डाक्टर म्हणे, आतडं अडकलं तर जीव जाईन."

म्हटलं, कापसाचा हंगाम उतरू दे.

"हंगाम दरसाल उतरते. तुमचं भेव नाही उतरत!"

खरं आहे. दुसऱ्या कोणापाशी बोलणार नाही, पण मला भीती वाटते. कापण्याची नाही, त्याआधी झोपवतात त्याची. जागाच नाही झालो तर?

१० जानेवारी

गोळा दोनदा. सोजरा बोलत नाही. भाजीत मीठही नाही.

१२ जानेवारी

टॉकीजवर नवा सिनेमा लागला. माझा साळा कडूबा तिथं दारावर तिकिटं फाडतो. पोस्टरवर डॉक्टर, नर्सा, खाटेवर रोगी. सोजरानं पाहिलं अन् ठरवूनच टाकलं — हा आरोग्यखात्याचा! खात्याची गाडी चौकात पडदा लावून देवीच्या लसीचे सिनेमे दाखवते ना, तेव्हापासून पडद्यावर डॉक्टर दिसला की तो सरकारचाच.

"आपरेशन कसं करतेत ते दाखवून राह्यले. चला, तुमचं भेव जाईन."

सांगितलं — विलायती आहे, हसायचा आहे.

"दवाखान्यात कोनी हासते काय!"

१३ जानेवारी, सकाळ

तीनच्या खेळाला जायचं ठरलं. सुटका नाही.

१६ जानेवारी, दवाखाना

जिवंत आहे! पडल्या पडल्या लिहितोय.

तेरवा तिकिटाच्या खिडकीवरच सोजराचा तमाशा. "सरकारी सिनेमाले पैसे कायचे?" मागून शिट्ट्या सुरू. कडूबानं बहिणीपुढं हात जोडले अन् आम्हाला आत घेतलं. बायकांच्या बाजूला ती बसेना. "तुमी पळून जासान!" मग पदर घेऊन पुरुषांतच बसली.

इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. त्यात ऑपरेटरनं रिळं मागंपुढं लावली! रोगी आधी बरा होऊन, सगळ्यांशी हात मिळवून घरी गेला. मग कण्हत दवाखान्यात आला. कोणालाच काही वावगं वाटलं नाही. सोजरा कानात म्हणते, "पाहा, कसा ठणठणीत चालत गेला!"

पुढं बडा डॉक्टर पाय घसरून मळक्या चादरींच्या गाडीत पडला. गाडी सुटली उतारावर! भटारखाना, वरणाचं पातेलं, नर्सांची पळापळ. चादरीत गुंडाळलेला डॉक्टर ओरडतोय, अन् रोगी समजून त्यालाच टेबलावर बांधला, नाकावर गॅस लावला! सारं टॉकीज लोळलं. मीही. आयुष्यात एवढा हसलो नाही.

सोजरा मात्र हसली नाही. डोळे पडद्यावर. एकदाच विचारलं, "ते नाकाले लावलं की काहीच समजत नाही काय वो?" मला राग आला. एवढा मजेचा प्रसंग अन् हिचं आपलं ऑपरेशन!

तेवढ्यात गोळा बाहेर आला. दाबला, जाईना. किंचाळलो. लोकांना वाटलं हसतोय, टाळ्या पडल्या! कडूबा धावत आला, "भाऊजी, बस करा ना जी आता!" मग माझा चेहरा पाहिला.

बाहेर जाहिरातीचा टांगा तेवढा उभा होता. दोन्ही बाजूंना तेच पोस्टर. मला त्यातच घातलं. घोडा सवयीचा, प्रत्येक चौकात थांबे! मी आडवा, बोंबलतोय. लोक म्हणत, "काय झकास जाहिरात करून राह्यला!" सोजरा उतरली अन् लगाम धरून घोड्यापुढं पळत सुटली. रडत होती.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. टेबलावर नाकाला गॅस लावून आकडे मोजायला लावले होते, चारपर्यंत आठवतं. मग एकदम सोजराचा चेहरा.

"लई दुखलं काय? खरंच काही समजलं नाही?"

काहीच नाही, म्हटलं. तिनं तीनदा तेच विचारलं.

१७ जानेवारी

हसायची मनाई, टाके आहेत. संक्रांत इथंच गेली. तिळगूळ नर्सबाईंना, मला पेज. कडूबा निरोप घेऊन आला — त्या दिवसापासून गर्दी वाढली, मालक विचारतात, भाऊजी टांग्यात अजून एक फेरी मारतील काय? हसलो. मेलो!

१९ जानेवारी

दुपारी वॉर्ड निजला होता. सोजरानं माझा हात धरून पदराखाली नेला, बगलेशी. तिथं गाठ. सुपारीएवढी, कडक.

"दिवाळीपासून हाय," म्हणाली. "म्हटलं, पह्यले तुमी जागे होता का नाही, ते पाहू."