चमकणाऱ्या मण्याची परीक्षा

कयानी, १० डिसेंबर

ती. इर्मेलीअक्का हिस,

धाकट्या ताइस्तोचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्यात नर्स म्हणून दिवसभर उभी असतेस, घरी तरी बसत जा. मी उत्तम आहे. छाती फुगवून चालावं इतका. ज्या भावाला तू पंधरा वर्षं ‘भोकं पाडणारा’ म्हणून हिणवलंस, त्याने यंदा सगळ्या गावाचे कान वाचवले आहेत.

झालं असं. यंदा बर्फ लांबलाय, जमिनीवर त्याचा पांढरा उजेड नाही, त्यामुळे दुपारी तीनलाच डांबर फासल्यासारखा काळोख. अशात माझ्या सासूबाईंनी (सिल्वीबाई, वय चौऱ्याहत्तर, गाडीवाल्यांना दिसावं म्हणून कोटाला लटकवायचा रिफ्लेक्टर दर आठवड्याला हरवतात) माझ्या टोचण्याच्या भरल्या दुकानात कान पुढे केला. "जावईबापू, ते अंधारात चमकणारे मणी आलेत ना? घाला एकेक. कान काही मी बसमध्ये विसरायची नाही!" मागची तीन गिऱ्हाइकं हसली, आणि त्यांनाही तेच हवं होतं. मी म्हटलं, आधी तपासतो. "अहो, पाकिटावर निर्धोक म्हणून छापलंय की!" "मग पाकीट घालू का कानात?" (हे मी बोललो, अक्का. सासूला.)

मग परीक्षा. टायटॅनियमचा दागिना जंतू मारायला वाफेच्या यंत्रात ठेवतो, तसा एक मणी ठेवला. प्लास्टिकच ते! शिजलेल्या वाटाण्यासारखा वेडावाकडा होऊन बाहेर आला. जे उकळून शुद्ध करता येत नाही ते ताज्या जखमेत घालायचं कसं? दुसरा मणी शनिवारी सौनाच्या गरम वाफेत नेला, कारण आपल्याकडे दागिने काढून सौनात कोण बसतं? तापलेल्या दगडांवर तिसऱ्यांदा पाणी ओतलं आणि मणी टचकन तडकला, आतली चमकणारी पूड बाहेर. सोमवारी दारावर पाटी लावली : ‘चमकणारं काही टोचून मिळणार नाही.’ निम्मी गिऱ्हाइकं गेली. सासूबाई एका घरात राहून आठवडाभर बोललेल्या नाहीत. पण अक्का, मला माझा अभिमान वाटतो, आणि तुलाही वाटावा अशी फार इच्छा आहे.

तुझा,
ताइस्तो

ता. क. सौनातला मणी बाकावर नव्हता, माझ्या बेंबीत होता. गिऱ्हाइकाआधी स्वतःच्या अंगात घालून बघावा म्हणून मीच टोचला. (शिवाय दिसत छान होता.)

आणखी ता. क. बेंबी टोमॅटोएवढी सुजली आहे. इथल्या दवाखान्यात गेलो तर धंदा बसलाच म्हणून समज. शनिवारी तुकडे काढायला चिमटा घेऊन ये. सासूबाईंना अक्षरही कळता कामा नये.

इर्मेलीबाई, पत्र टेबलावर उघडंच होतं, वाचलं. जावईबापूंना उठवून बेंबीही बघितली. शनिवारपर्यंत थांबण्यासारखं नाही, आत्ताच दवाखान्यात नेते आहे. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. पाटी मात्र दारावरच राहील. जावई माझे आहेत आणि खरं बोलले आहेत. ती काढायला कोणी आलं तर गाठ माझ्याशी आहे.

— सिल्वी