पावण्यांचा शब्द

कागल,
१३ नोव्हेंबर २००७

प्रिय अमरेश,

परवा भाऊबीजेला ओवाळून घेऊन गेलास आणि पाठोपाठ आक्काचं पत्र, म्हणून हसशील. घरात फोन असताना पत्र कशाला, असंही म्हणशील. पण फोनवर तू "बरं बरं, आक्का" म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं व्हायच्या आत ठेवून देतोस. कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचावा लागतो. छोट्या सौंदर्याला करंज्या पुरल्या का ते कळव. डबा दिला तेव्हाच मला तो लहान वाटला होता.

पंगतीत तुझे दाजी तुला त्या वीज कंपनीच्या नव्या शेअरबद्दल सांगत होते, तेव्हा मी पोळ्यांवर तूप वाढत होते. "मार्चपर्यंत डबल हुतंय, पावणं, लिवून घ्या," असं ते म्हणाले आणि तू म्हणालास, "दाजी म्हणत्यात म्हंजे बघायलाच नको." पंधरा वर्षं शिरोलीत दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहून स्वतःच्या लेथसाठी जमवलेले तीन लाख तू एक पोळी संपायच्या आत कबूल करून बसलास की रे! माझ्या हातातलं तूप तिथंच सांडलं.

आपले आप्पा आठव. चाळीस वर्षं गुळाच्या बाजारात अडत चालवली, पण गुळाची ढेप फोडून खडा जिभेवर ठेवल्याशिवाय कधी भाव बोलले नाहीत. मुरगूडचा केरबा तर त्यांचा जिवाभावाचा मित्र, त्याच्याही गुळाला सूट नाही. तो चिडायचा, "बाळाप्पा, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?" आप्पा शांतपणे म्हणायचे, "तुझ्यावर हाय की. गुळावर न्हाय."

त्याच माणसानं ब्याण्णव साली एकही कागद न मागता शेअर घेतले, कारण सांगणारे माझे मामंजी होते. शिरोलीत ओतकामाचा मोठा कारखाना होतोय, दहाचा शेअर दिवाळीपर्यंत शंभर होणार म्हणाले. लेकीच्या सासऱ्याला 'कागद दाखवा' म्हणायचं कसं? तुझ्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेले सगळे पैसे आप्पांनी त्यात घातले. आपल्या शाहूपुरीतून शिरोली ती किती लांब, सायकलवर अर्धा तास. पण आपल्या घरातलं कुणी बघायला गेलं नाही. बघायला जाणं म्हणजे पावण्यांच्या शब्दावर संशय घेणं. पुढचं तुला सांगायला नको. पैसे बुडाले, कॉलेजचा फॉर्म कपाटातच राहिला आणि तू तिथल्याच दुसऱ्या एका फौंड्रीत हजेरीवर लागलास.

मी मात्र त्यानंतर शिकायचंच ठरवलं. एका जुन्या कंपनीचा वार्षिक अहवाल आप्पांना टपालानं यायचा आणि माहेरी अव्वा त्याची पानं डब्यांच्या तळाला घालायची. ती पानं मी मागून आणली. पहिल्या वर्षी काही म्हणता काही कळलं नाही. दाजी हसायचे, "बाई आता मुंबईला चालली." हसू दे म्हटलं. नफा आणि हातात आलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. ब्लाउज शिवून जमलेल्या पैशांतून शिरोलीतल्या एका कारखान्याचे शेअर घ्यायचं मनात आलं, तेव्हा आधी त्याच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. गाडेवाली धोंडुबाई म्हणाली, "कुनाला हुडकालाईस, बाई?" मी खरं ते सांगितलं. तशी ती फटकन म्हणाली, "मग घिऊ नगंस. सा म्हयनं झालं, रातपाळीचा च्या बंद हाय." मी घेतले नाहीत. वर्षभरात त्या गेटाला कुलूप लागलं. दोनदा मी सपाटून चुकलेही, नाही असं नाही. पण त्या चुका माझ्या होत्या, त्यामुळे कुठं चुकले ते शोधता तरी आलं.

आता पंधरा वर्षं जे बोलले नाही, ते लिहिते. तुला वाटतं, आप्पा डोळे झाकून फसले. तसं नाही. पैसे भरायच्या आदल्या दिवशी ते कागलला आले होते. मामंजी शेताकडं गेल्याचं बघून परसात मला हळूच म्हणाले, "शिवे, तू बघितलायस न्हवं कारखाना?" मी बघितला होता. वडगावच्या लग्नाहून येताना मामंजींनी मोठ्या कौतुकानं जीप थांबवून दाखवला होता. चार खांब, गुडघाभर गवत आणि एका खांबाला बांधलेली कुणाची तरी म्हैस. माझ्या लग्नाला तेव्हा सातच महिने झाले होते. सासरची अब्रू माझ्या तोंडून कशी जाऊ द्यायची? मी म्हणाले, "बघितलाय की, आप्पा. लई मोठा हाय." म्हणजे आप्पांनी चाखून बघितलंच होतं रे. चव मी खोटी सांगितली. तुझं कॉलेज मामंजींनी नाही बुडवलं, मी बुडवलं. दर भाऊबीजेला तुझ्यासमोर निरांजन धरताना मला माझीच लाज वाटते.

म्हणून हे पत्र. काल दाजींकडून मी त्या वीज कंपनीचं माहितीपत्रक मागून घेतलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नव्हतं. दुपारभर बसून वाचलं. तीन वर्षं तोटा आहे, कर्ज वाढतंय आणि मालक स्वतःच आपले शेअर विकायला काढतायत. सोबत पाठवते आहे, बेचाळिसाव्या पानापासून वाच. माझंही ऐकू नकोस, तू स्वतः वाच. वाचून घ्यावेसे वाटले तर खुशाल घे, मी एक शब्द बोलणार नाही. पण दाजींचा मान राखायचा म्हणून त्यात एक रुपयासुद्धा घालायचा नाही, हे आक्काचं सांगणं समज. त्यांना काय वाटेल, ही चिंताही तू करू नकोस. सकाळी त्यांना समोर बसवून इथवरचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांच्या वडिलांच्या चार खांबांसकट आणि म्हशीसकट. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही. या वेळी मी जे बघितलं, तेच सांगितलंय.

तुझीच आक्का,
शिवलीला