मी शाणी हाय, असं आधी लिवा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : झुंबरबाई कोम आकाराम मोरबाळे, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेती, राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, सध्या मुक्काम कोल्हापूरचा तुरुंग.

कारणे लिहून ठेवते ती अशी की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण पक्के आहे आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आहे तो लिहू नये म्हणून. माझे वकील नृसिंहराव यांचे म्हणणे असे की, कोर्टात मला वेडी ठरवता येईल आणि फाशी टळेल. माणूस भला आहे. पण वेडीने केलेले मृत्युपत्र कायद्याला चालत नाही, हेही त्यांच्याच तोंडून ऐकले. तेव्हा मी त्यांना म्हटले, "मग मी शाणी हाय, असं आधी लिवा." शेवटी त्यांनी टाक दौतीत बुडवला.

हे सारे माझा धाकटा मुलगा बाळासो याच्यासाठी आहे. तो आर्य समाजाचा प्रचारक म्हणून आफ्रिकेत मोंबासा येथे धर्म शिकवतो. तिकडे त्याचे नाव धर्मव्रत आहे. कागदाला लागते म्हणून ते इथे घातले, एरवी मी बाळासोच म्हणणार.

कलम १. घराची बातमी. बाळासो, तू पत्रात दरवेळी दादाला नमस्कार लिहितोस आणि मी मास्तरांकडून उलट लिहवते की दादा बरा आहे, ऊस झकास आहे. तुझा दादा कृष्णात चार वर्षांमागे पौषात मेला. मारला. तुझे वडील गेल्यावरही आपले आणि तुझ्या चुलत्याचे, पिराजीचे, गुऱ्हाळ सामाईकच राहिले. पाळी आपली होती, आपला ऊस तोडून पडला होता. पिराजीचा गुंडू मध्येच गाड्या घेऊन आला आणि चरकाचे आपले बैल त्याने सोडले. कृष्णात आडवा गेला. आपल्याच गाडीत आपलाच कोयता होता, तो गुंडूने उपसला आणि खांद्यावर, मग मानेवर घातला. पोर चिपाडांच्या ढिगावर पडले. ती चिपाडे ओली झाली, नंतर चुलीत घातली तर पेटेनात.

मी धावत गेले तेव्हा पिराजी काहिलीपाशी उभा होता. मी काहिलीतला उकळता रस घमेल्याने उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. त्याचा डावा गाल आणि कान गेला. मला त्याचे काही वाटत नाही.

गुळव्या ढवळत होता. रस चढला की काहिलीवरची नजर काढता येत नाही, नाही तर आख्खा गूळ करपतो. कोर्टात त्याने तेच सांगितले, "सायेब, म्या काहिलीकडं बघत हुतो, मला काय दिसलं न्हाय." बाकीचे म्हणाले, आम्ही गुळव्याकडे बघत होतो. गुंडू सुटला, आणि कोयता आपला म्हणून सरकारने मला परत दिला.

तुला कळवले नाही, कारण तू येऊन त्याला मारले असतेस तर फासावर गेला असतास. आणि येऊन क्षमा केली असतीस, तर मी तुला घरात घेतले नसते. तुझा स्वभाव बघता तू दुसरेच केले असतेस. तू खुशाल क्षमा शिकव, पण मोंबासात.

कलम २. कोयता. दर खंडेनवमीला मी तो चिंच लावून घासत असे आणि कुंकू वाहून पाटावर ठेवत असे. यंदाही ठेवला होता. गुंडू दारावरून चालला होता. थांबला, कोयता बघितला, हसला आणि म्हणाला, "काकू, बाळासोला बोलवा की. त्याच्या भावाच्या शेजारी जागा मोकळी हाय." पाटावरून उचलून मी घाव घातला. जन्मभर ऊस तोडला आहे, पेर कुठे असते ते हाताला कळते. पहिला घाव बसला तेव्हा तो चौकटीला धरून उभा होता, दुसऱ्याला बसला, तिसरा मी रागाने घातला. कुंकू कुठले आणि रक्त कुठले ते पोलिसांना समजेना. मी दार उघडे ठेवून तिथेच बसून राहिले.

नृसिंहराव म्हणाले, हे कागदावर येऊ देऊ नका. मी म्हटले, सगळ्या गल्लीने बघितले आहे आणि या खेपेला काहील चुलीवर नव्हती.

कोयता सध्या कोर्टात आहे. खटला संपून परत मिळाल्यास माझ्या सुनेच्या, चिमणाबाईच्या हाती देऊ नये. ती तरुण आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो. माझा भाऊ आण्णा याने तो पंचगंगेच्या डोहात टाकावा.

कलम ३. जमीन व घर. ओढ्याकाठची जमीन माझ्या वडिलांनी मला चोळीबांगडीसाठी घेऊन दिली, राहते घरही माझ्याच नावावर आहे. दोन्ही मी चिमणाबाई व तिची मुलगी आक्का यांना देते. त्या सध्या कुरुंदवाडला चिमणाबाईच्या माहेरी आहेत. त्यांनी जमीन विकावी किंवा कुळाला लावावी, पण मुडशिंगीत राहायला येऊ नये.

बाळासो, तुला मी एक वीतसुद्धा देत नाही. रागाने नाही. हे मृत्युपत्र झाले नाही तर निम्मी जमीन तुझ्या नावावर चढेल. तू ती ठेवणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण वहिनीला लिहून द्यायला तरी चावडीत येशीलच. पिराजी त्याच दिवसाची वाट बघत बसला आहे. आण्णा सांगतो, गुंडूला जाळून आल्यावर सगळ्यांच्या देखत तो बोलला, "बायांस्नी हात लावणार न्हाय. पण त्यांचा एक गडी अजून बाकी हाय." तो गडी तू. म्हणून तुझ्या नावाने या गावात काही उरता कामा नये, सात-बाराची ओळसुद्धा नको.

कलम ४. गुऱ्हाळातल्या काहिलीचा माझा अर्धा वाटा पिराजीला द्यावा. दर हंगामाला त्याने तीत वाकून आपले तोंड बघावे.

कलम ५. बाळासोने माझ्यामागे इकडे येऊ नये. फाशी झाल्यावर प्रेत आण्णाने ताब्यात घ्यावे आणि पोराला महिनाभराने कळवावे, म्हणजे त्याला निघायचे कारण उरणार नाही. बाळ, मला तुला बघायचे होते. शिडशिडीत गेलास, तिकडे अंग धरलेस की नाही तेही ठाऊक नाही. पण तू आलास तर मी केले ते सगळे पाण्यात गेले. तुझ्या वाटणीचे काम मी उरकले आहे, तुझे हात कोरे आहेत. तिकडेच होम कर. एक आहुती दादाच्या नावाने घाल, एक माझ्या. गुंडूच्या नावाने तिसरी घालावीशी वाटली तर घाल, तुझा धर्म तुझ्यापाशी. मला मात्र ते सांगू नकोस.

आण्णा सकाळपासून समोर बसला आहे आणि साक्ष घालायला तयार नाही. म्हणतो, "ताई, तू शुद्धीवर हाईस म्हणून मी सही करायची, आणि त्याच सहीवर त्येंनी तुला टांगायचं?" मी म्हटले, व्हय. त्याला दुसरे काय सांगू. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा मीच उडी टाकून काढला, त्याची आठवण दिली. हे वाईट केले, पण केले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची,
झुंबरबाई कोम आकाराम मोरबाळे

मुक्काम कोल्हापूर, तारीख २१ नोव्हेंबर १९५७

लिहिणार : नृसिंह त्र्यंबक जोशीराव, वकील

साक्षीदार :
१. तुरुंगाचे डॉक्टर. बाईंना तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.
२. आण्णा बिन सखाराम भारमल, राहणार मुरगूड. माझी बहीण शुद्धीवर होती.