रिकाम्या घराचं ठाम मत

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा.

घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला (म्हणजे मला; आई भाजीवाल्यालाही सांगते) नोकरी लागली. दारोदार जाऊन विचारायचं, कोणता पक्ष कर वाढवतो असं तुम्हाला वाटतं? लोकशाहीची नाडी हाती आली, असं वाटलं होतं.

पहिल्याच दारी शिंपीण म्हणाली, "विरोधक आले की कर वाढतो, बाई. मानेला कळतं." आणि मानेवरून हात फिरवला. शेजारचा घड्याळजी अक्षरशः तेच बोलला, तसाच हात फिरवत. तिसऱ्या दारी तर मी विचारायच्या आत उत्तर. मग मी (हसू नका) कराचे जुने-नवे दर छापलेला कागद दाखवू लागले: विरोधकांनी कर कमी केला होता, वाढवला तो सत्तेतल्यांनी. लोक मन लावून वाचत, "बरोबर आहे" म्हणत, आणि पुन्हा हात मानेवर. गल्लीच्या टोकाचं दार वाजवलं. आतून बाईच्या आवाजात तेच अख्खं वाक्य आलं. शिंपीण लांबून ओरडली, "अगं, ते घर कधीचं रिकामंय! कुलूप दिसत नाही का?" कुलूप होतं. (मत मी नोंदवलं. माणूस नसला तरी मत ठाम होतं.)

सगळी उत्तरं सारखी पाहून साहेब कडाडले, "घरी बसून भरलीस ना? उद्या मी येतो. खोटं निघालं तर कायमची घरी बस." मामा, माझ्या पगाराच्या भरवशावर बाबांनी कारखान्यातली रात्रपाळी सोडली आहे. दुसऱ्या दिवशी साहेबांनीच शिंपिणीला प्रश्न विचारला आणि ती तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, मानेवर हात ठेवून. मग काही घडलंच नाही अशा थाटात माझ्या कागदांवर सही केली. नोकरी टिकली.

तुमची,
भाची

ता. क. : खरं काम असं. दर निवडणुकीला पक्ष बदलता म्हणून आई तुम्हाला बिनबुडाचा लोटा म्हणते. मामा, लगेच निघून या. मला कुणाचं तरी वेगळं उत्तर ऐकायचंय. चुकीचं असलं तरी चालेल.

आणखी एक : आज कचेरीत माझंही मत घेतलं. दरांचा कागद हातात घट्ट धरून मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. साहेब "शाब्बास" म्हणाले. त्यांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं.